राउटर मार्ग 'शोधतो' की 'निवडतो'?

इंदूरच्या एका शिक्षकांनी नेटवर्किंगच्या मराठी टिपणातलं एक वाक्य तपासायला पाठवलं आहे: 'बीजीपी वापरून राउटर सगळ्यात छोटा रस्ता शोधतो.' राउटर म्हणजे एका नेटवर्कातून दुसऱ्यात माहिती पुढे पाठवणारं यंत्र, आणि बीजीपी म्हणजे वेगवेगळ्या नेटवर्कांच्या राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याची ठरलेली पद्धत. या वाक्यातले 'छोटा' आणि 'शोधतो' हे दोन्ही शब्द बदलावेत असं मला वाटतं.

'छोटा रस्ता' आपल्या इंदुरी बोलीत हिंदीच्या सहवासाने रुळलाय आणि बोलताना तो गोडच वाटतो. लेखी मराठीत मात्र अंतराच्या दृष्टीने रस्ता जवळचा किंवा लांबचा असतो. छोटा म्हटलं की बोळ डोळ्यांपुढे येतो.

पण 'जवळचा' घातल्यानेही भागत नाही. बीजीपीत राउटर स्वतः वाटा धुंडाळत नाही. 'या पत्त्यांपर्यंत माझ्याकडून जाता येईल, मध्ये अमुक नेटवर्कं लागतील,' असं शेजारचे राउटर त्याला कळवतात. एकाच ठिकाणासाठी दोघातिघांकडून असं कळलं की त्यातलं एक पत्करायचं. म्हणून 'निवडतो'.

निवड कशी होते तेही बघा. समजा २०३.०.११३.०/२४ या पत्त्यांसाठी एक वाट दोन नेटवर्कांतून आहे, दुसरी तीन नेटवर्कांतून. पहिलीचा लोकल प्रेफरन्स, म्हणजे वाटेला दिलेला पसंतीचा आकडा, नेहमीचा १००, दुसरीला नेटवर्क चालवणाऱ्याने २०० दिलाय. दुसरीच घेतली जाते, कारण लोकल प्रेफरन्स आधी बघतात आणि तो जास्त असलेली वाट जिंकते. तो सारखा असेल तरच पुढे एएस-पाथची, म्हणजे वाटेत लागणाऱ्या नेटवर्कांच्या यादीची, लांबी बघायची वेळ येते. ती लांबीसुद्धा किलोमीटरची नव्हे. सेंधव्यावरून पुण्याला जाताना मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र एवढंच मोजावं, मधली गावं आणि घाट सोडून द्यावेत, तशी ती मोजणी असते. त्यापुढे ओरिजिन (वाटेची माहिती बीजीपीत मुळात कशी आली त्याची खूण), मग एमईडी (शेजारच्या नेटवर्कने आपल्याकडे येणाऱ्या वाटांना दिलेला आकडा). एमईडी मात्र कमी असलेला चांगला. वेग आणि गर्दी या निवडीत कुठेच बघत नाहीत, त्यामुळे अशा निवडलेल्या मार्गाच्या 'बेस्ट पाथ' या इंग्रजी नावासाठी 'सर्वोत्तम मार्ग' हा प्रतिशब्दही विद्यार्थ्यांची दिशाभूल करील.

'पसंतीचा मार्ग' मला बराच वेळ आवडला होता. पण सगळंच बरोबरीत सुटलं तर शेवटी ज्या शेजाऱ्याचा राउटर आयडी (राउटरचा ओळख-क्रमांक) लहान, त्याची वाट घेतात. त्यात कुणाची पसंती नसते. 'निवडलेला मार्ग' शेवटपर्यंत टिकतो. 'बेस्ट पाथ' हे नाव पहिल्या उल्लेखात शेजारी जरूर द्यावं, कारण मुलांना पडद्यावर तेच दिसणार आहे: सिस्को कंपनीच्या राउटरवर मार्गांची जी यादी दिसते तिच्यात ओळीच्या सुरुवातीला तारा (*) आणि बाण (>) असतात, तारा म्हणजे मार्ग वैध, बाण म्हणजे तो निवडलेला.

तेव्हा वाक्य असं करता येईल: 'शेजाऱ्यांनी कळवलेल्या मार्गांतून राउटर बीजीपीच्या ठरलेल्या क्रमाने एक मार्ग निवडतो.'

तुमचा 'शोधतो' ओएसपीएफच्या, म्हणजे एकाच नेटवर्कच्या आत मार्ग काढण्याच्या पद्धतीच्या, धड्यासाठी राखून ठेवा. तिथे राउटर आपल्या भागाचा नकाशा जुळवून सर्वांत कमी कॉस्टचा (वाटेतल्या दुव्यांना दिलेल्या आकड्यांच्या बेरजेचा) मार्ग स्वतः काढतो.