छोट्या गाडीला ट्रेलर जोडून सुरक्षित नेता येतो का?

तुम्ही विचारलंय की १२०० सीसीच्या हॅचबॅकला घरसामानाचा ट्रेलर ओढवेल का, की त्यासाठी मोठं इंजिनच हवं. ओढवेल. इंजिनाची काळजी सोडा. मागचं धूड थांबेल कसं आणि सरळ रेषेत राहील कसं, हे आधी बघा. ते सीसीवरून कळत नाही; ट्रेलरचं वजन किती, त्याला ब्रेक आहे का आणि माल कुठे ठेवलाय, त्यावरून कळतं. एवढ्या ठामपणे लिहितेय, कारण हा वाद माझ्या घरात सात वर्षं चालू आहे.

घर बदलताना आम्ही भाड्याने एक ट्रेलर आणला होता. दोन चाकांचा, बिनब्रेकचा. भरायचं काम माझ्या थोरल्या दिरांनी अंगावर घेतलं. गाद्या आणि कपड्यांची बोचकी पुढे, लाकडी कपाट मध्ये आडवं, त्याच्या मागे पुस्तकांची खोकी आणि अगदी शेवटी, मागच्या फळीला टेकवून, वॉशिंग मशीन. का, तर नव्या घरी आधी तेच उतरवायचं होतं. मी म्हटलं, "भाऊजी, जड वस्तू मध्ये घेऊया का?" ते म्हणाले, "राहू दे मागे, तुझ्या गाडीवर भार कमी येईल." गाडी मी चालवणार होते. तरी गप्प बसले, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पहिले वीस किलोमीटर काहीच झालं नाही. मग लांब उतार लागला. वेग पंच्याऐंशीच्या आसपास गेला असेल. शेजारून एक मोठा ट्रक पुढे गेला आणि त्याच्या हवेच्या झोताने ट्रेलर जरा ढकलला गेला. उजव्या आरशात त्याचा एक कोपरा बाहेर आलेला दिसला. तो आत गेला, तोच डाव्या आरशात दुसरा कोपरा. पुन्हा उजवा, आता हातभर जास्त बाहेर. सीट खालून कुणीतरी इकडून तिकडे ओढतंय असं वाटत होतं, आणि स्टिअरिंग हातात पोकळ झालं होतं. भाऊजी ओरडले, "ब्रेक मार!" मी मारला. गाडी मंदावली, पण ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नव्हता. तो तिरका होऊन मागून ढकलत आला, गाडीचं मागचं टोक त्याने बाजूला फेकलं आणि आम्ही रस्त्याच्या कडेला आडवे थांबलो. कुणाला लागलं नाही. बंपर फाटला, हुकाची पट्टी वाकली.

ट्रेलर सोडवायला मी कपलिंगचा, म्हणजे गाडीच्या हुकावर बसणाऱ्या ट्रेलरच्या तोंडाचा, खटका उचलला आणि एका हाताने कपलिंग वर घेतलं. सहज आलं. साडेपाचशे किलोच्या ट्रेलरचं तोंड माझ्या एका हातात होतं. तिथेच मी भाऊजींना दाखवलं. ते म्हणाले, "आता ते कशाला?" तेव्हापासून विषय निघाला की ते सगळ्यांना सांगतात, "तिला ट्रेलर आवरला नाही."

दुसऱ्याच्या गाडीने ट्रेलर वजनकाट्यावरून घरी आणला. सामान उतरवायच्या आधी मी कपलिंगखाली लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली घरातला माणसांचं वजन करायचा काटा ठेवला, ट्रेलर आडवा सपाट राहील असा. काटा ९ किलो दाखवत होता. मग दोघांनी मिळून फक्त वॉशिंग मशीन उचलून चाकांच्या थोडं पुढे आणलं. ४३ किलो. सत्तर किलोची एक वस्तू सव्वा मीटर सरकली, एवढाच फरक.

ट्रेलरचं तोंड हुकावर दाबून बसलेलं असलं पाहिजे. एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के भार हुकावर पडावा, असा सर्वसाधारण हिशेब आहे. शेपूट जड झालं की ट्रेलर चाकांभोवती डुलायला लागतो. प्रत्येक गाडी-ट्रेलरच्या जोडीचा एक वेग असतो. त्याच्या खाली हेलकावा आपोआप विरतो, त्याच्या वर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. माल मागे गेला की तो वेग खाली येतो. छोटी गाडी हलकी आणि आखूड, शिवाय हूक मागच्या चाकांच्याही मागे, त्यामुळे ट्रेलरचा बाजूचा धक्का तिला तरफेसारखा फिरवतो. म्हणजे मोठ्या गाडीवाल्याला जी चूक पचते, ती तुम्हाला पचणार नाही.

ट्रेलर डुलायला लागलाच तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, वेग आपोआप उतरू द्या. ब्रेक दाबायचा नाही, उलटसुलट स्टिअरिंग तर अजिबात फिरवायचं नाही. तुमची दुरुस्ती नेहमी अर्धा हेलकावा उशिरा पोचते आणि त्याच्यात भरच घालते. वेग वाढवून ट्रेलर ताणून घ्या, असं सांगणारेही भेटतील. उतारावर करून बघा म्हणावं. उताराला लागायच्या आधीच खालचा गिअर टाका. आणि ऐंशीच्या पुढे जाऊच नका. ऐंशीचे शंभर केले की थांबवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते.

ट्रेलर गाडीला बांधून ठेवणाऱ्या सुरक्षेच्या साखळ्या कपलिंगखालून एकमेकींना छेदून लावा, म्हणजे कपलिंग सुटलं तरी ट्रेलरचं तोंड जमिनीत रुतणार नाही. ट्रेलरच्या टायरची हवा आणि वय दोन्ही बघा, महिनोन्‌महिने उभे राहून ते कडेने तडकतात. दिवे, आरसे, दोर हे तुम्ही बघालच.

ब्रेक मी दाबला, ती चूक माझी, मी कधी नाकारली नाही. पण ट्रेलर डुलायला लागला तो ब्रेकच्या आधी, आणि भरला होता भाऊजींनी. म्हणून सांगते, चालवणाऱ्यानेच माल भरावा, किंवा निदान काटा लावून बघितल्याशिवाय चावी फिरवू नये. घरातलं वडीलधारं कुणी कितीही खात्रीने बोलत असलं तरी.

एक गोष्ट मात्र आधीच लिहायला हवी होती. गाडीचं मॅन्युअल उघडा. त्यात ब्रेकवाल्या आणि बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी वेगवेगळे आकडे असतात, हुकावर किती भार चालेल तेही असतं. काही छोट्या गाड्यांना कंपनीने ओढायची परवानगीच दिलेली नसते. तुमची त्यातली असेल तर मी वर लिहिलेलं सगळं विसरा आणि ट्रेलर जोडू नका. परवान्याचे नियमही आधी बघा. आमच्या गाडीला बिनब्रेकच्या ट्रेलरची मर्यादा ४५० किलो होती. ते पान मी नंतर वाचलं. दोन खेपा केल्या असत्या तर वॉशिंग मशीन दुसऱ्या खेपेला आलं असतं.