हवेत एवढा ऑक्सिजन, तरी मासा गुदमरतो कसा?

प्रश्न : आमच्याकडे खाडीतल्या निवट्या पाटीत बराच वेळ वळवळत असतात, बांगडा मात्र जाळ्यातून काढला की थोड्याच वेळात गार. दोघंही मासेच ना? आणि पाण्यापेक्षा हवेत ऑक्सिजन जास्त असतो म्हणतात, मग मासा गुदमरतोच कसा? (एक वाचक ताई, उरण)

उत्तर : ताई, हवेत जास्त असतो हे खरंय, आणि थोडाथोडका नाही. एक लिटर हवेत साधारण 210 मिली ऑक्सिजन असतो आणि एक लिटर पाण्यात जेमतेम 5-6 मिली. म्हणजे मासा बिचारा आयुष्यभर टंचाईतच राहतो आणि सुबत्तेत आणून ठेवला की मरतो, ऐकायला विचित्रच वाटतं.

पुढच्या वेळी बाजारात बांगडा ताजा आहे का बघायला कल्ल्याचं झाकण उचलाल ना, तेव्हा आतला लाल भाग जरा नीट बघा. तो एकसंध नसतो, कंगव्यासारख्या बारीक बारीक तंतूंच्या ओळी असतात आणि त्या प्रत्येक तंतूवर डोळ्याला दिसणारही नाहीत अशा पातळ पापुद्र्यांच्या रांगा. लाल दिसतं ते रक्त, कारण पापुद्रा इतका पातळ असतो की रक्त आणि पाणी यांच्यात जवळजवळ काहीच नसतं. पाणी तोंडातून आत येतं, पापुद्र्यांमधून जातं आणि झाकणाखालून बाहेर पडतं, आणि गंमत म्हणजे रक्त बरोबर उलट्या दिशेने वाहत असतं, त्यामुळे रक्तात ऑक्सिजन भरत जातो तसतसं त्याला समोरून आणखी ताजं पाणी भेटत जातं आणि शेवटपर्यंत ओढ कायम राहते. चांगला पोहणारा मासा पाण्यातला 80 टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन काढून घेऊ शकतो, आपली फुप्फुसं हवेतला जेमतेम चौथा हिस्सा घेतात. कुपा, म्हणजे ट्यूना, तर तोंड उघडं ठेवून सतत पोहतच असतो, त्याला थांबवला तर तो पाण्यातसुद्धा गुदमरतो!

आता हे सगळे पापुद्रे उभे राहतात ते पाण्याच्या आधारावर. बाहेर काढला की ते ओल्या केसांसारखे एकमेकांना चिकटतात, हवा लागणारी जागा एकदम कमी होते, वर ते सुकायला लागतात, आणि सुकलेल्या पापुद्र्यातून ऑक्सिजन रक्तात जाणं अवघड होऊन बसतं कारण तो आधी ओलाव्यात विरघळावा लागतो. हे फक्त माशाचं नाही, आपल्या फुप्फुसातही आतून ओलच असते. हवा आत-बाहेर करायला आपण जोर लावतो पण हवेतून रक्तात ऑक्सिजन आपोआपच झिरपतो, जास्तीकडून कमीकडे. फुप्फुसं ऑक्सिजन जोर लावून आत ढकलतात की काय यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांमध्ये जाम वाद होता, डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग आणि त्यांच्या पत्नी मारी यांनी मोजमाप करून दाखवलं की तसं काही नाही.

मग निवटी कशी टिकते? तिने कल्ल्यांवरचा भार कमी केलाय. तिच्या अंगाच्या कातडीत आणि तोंडाच्या, घशाच्या आतल्या अस्तरात रक्तवाहिन्यांचं जाळं अगदी वरच्या वर असतं, तिथून ती थेट हवेतला ऑक्सिजन घेते, अट एकच, अंग ओलं पाहिजे. म्हणून चिखलात लोळते, ती काय मस्ती नसते. बिळातलं पाणी तर जवळजवळ ऑक्सिजनशिवायचंच, मग तिथे अंडी कशी जगणार? जपानमधल्या एका जातीचा नर तोंडात हवा भरून बिळात नेऊन सोडतो आणि अंडी त्या हवेच्या कप्प्यात छताला चिकटलेली असतात. पिल्लं बाहेर यायची वेळ झाली की हाच बाप ती हवा परत तोंडाने बाहेर काढून आत पाणी येऊ देतो, आता बोला!

चिंबोरी पण अशीच, कवचाखाली कल्ले ओले राहतात तोवर जिवंत, म्हणून तर विकणाऱ्या मावश्या ओलं गोणपाट टाकून ठेवतात. आणि मरळ त्याच्या पुढची, तिला वर येऊन हवा घ्यावीच लागते, पाण्याखाली जाळं लावून अडवली तर चक्क बुडून मरते.

प्रश्न : मुंडकं उडालेलं झुरळ जिवंत कसं राहतं? ते श्वास कुठून घेतं? (इयत्ता आठवीतला एक वाचक, नाशिक)

उत्तर : अरे, त्याला नाकाचं काही कामच नाही. छातीच्या आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना मिळून श्वासरंध्रांच्या 10 जोड्या असतात, तिथून नळ्या निघतात, त्यांना फाटे फुटत फुटत हवा थेट पेशींपर्यंत जाते. रक्ताला ऑक्सिजन वाहायचं काम नसल्यामुळे ते लालही नसतं. मुंडक्याविना झुरळ शेवटी मरतं ते पाण्यावाचून. साबणाचं पाणी मारलं की लगेच आडवं होतं, कारण साधं पाणी त्या रंध्रांवर थेंब होऊन थांबतं, साबणाचं आत शिरतं. (प्रयोग करायचा तर आईला विचारून आणि शक्यतो मुंडकं न उडवता.)

प्रश्न : मे महिन्यात टाकीतले गोल्डफिश पाण्याच्या वर येऊन तोंड उघडबंद करतात. भूक लागलेली असते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही हो, खायला टाकू नका! पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, 0 अंशाला लिटरमागे साधारण 14.6 मिलीग्रॅम तर 30 अंशाला 7.5, आणि नेमकी त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. पृष्ठभागालगत जरा बरं पाणी मिळतं म्हणून ते वर येतात. त्यात उरलेलं खाणं कुजलं की तिथले जंतू आणखी ऑक्सिजन खातात. थोडं पाणी बदला (क्लोरीन काढलेलं, टाकीतल्याच तापमानाचं), पंप चालू ठेवा. पंपाचे बुडबुडे जास्त उपयोगी पडतात ते वरचं पाणी हलवतात म्हणून, तेव्हा टाकीवरची काच जरा उघडी ठेवली तरी चालेल, मांजर नसेल तर.