पुढचं किट आणण्याआधी पाव किलो द्राक्षं आणा

मुलगा सहावीत आहे, विज्ञानाच्या किटमधले प्रयोग त्याने दोन दिवसांत उरकले आणि आता नवीन किट हवंय, आणू का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर नका आणू. काय होणार ते खोक्यावरच छापलेलं असतं, मग पोरगं विचार कशाला करेल? त्या ज्वालामुखीचंही तेच. व्हिनेगरमध्ये सोडा टाकला, फसफसलं, आईने ओटा पुसला, विषय संपला.

तुम्ही नाशिकचे, त्यात फेब्रुवारी चालू आहे. गाडीवरून पाव किलो द्राक्षं आणा आणि त्याला विचारा, द्राक्षात एवढं पाणी असतं, मग उन्हात ठेवलं तरी ते पटकन सुकत का नाही? सालीवरची पांढरट झाक बोटाने पुसून बघायला सांगा. बरेच जण तिला फवारणीचं औषध समजतात. द्राक्षं धुवूनच खायची हे खरं, पण ती झाक मुळात द्राक्षाचं स्वतःचं मेण असतं. पाणी आत धरून ठेवतं ते तेच. म्हणून तर बेदाणा करणारे शेतकरी घड सुकत घालण्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईल (घड बुडवण्यासाठीचं खास तेल) घातलेल्या पाण्यात बुडवून काढतात, म्हणजे मेणाची अडवणूक संपते आणि पाणी पटकन बाहेर पडतं.

घरी तीन ताटल्या करा, प्रत्येकीत वीस द्राक्षं, साधारण एकाच आकाराची. पहिल्या ताटलीतली तशीच. दुसरीतली गाळणीत घेऊन उकळत्या पाण्यात पाच-सात सेकंद बुडवून काढलेली. तिसरीतलीही तशीच, फक्त त्या पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा. बुडवायचं काम तुमचं, त्याचं नाही, आणि सोड्याची द्राक्षं कोणी तोंडात टाकायची नाहीत. तिन्ही ताटल्या गच्चीत शेजारी शेजारी, वर जाळी. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून वहीत लिहायचं.

सोड्याची आधी सुरकुततील. खरी गंमत मधल्या ताटलीची आहे. ती ठेवली नाही, तर काम सोड्याने केलं की नुसत्या गरम पाण्याने, हे कळायला मार्गच नाही. आणि वजन करण्याआधी अंदाज लिहून घ्या, पेनने. पेन्सिलीने लिहिलं की पोरं नंतर हळूच खोडतात!

द्राक्षं सुकेपर्यंत हळद आहेच. शर्टावरचा वरणाचा डाग साबण लागताच लाल होतो, हे त्याने पाहिलं असेल. हळदीचं पाणी कागदाला फासून वाळवा, साबणाच्या पाण्याने त्यावर लिहा, मग लिंबू फिरवा, लाल अक्षरं परत पिवळी. शाम्पू, खाण्याचा सोडा, ताक, जे सापडेल ते तपासू दे. फक्त चुन्याची निवळी करायची असेल तर शेजारी उभे राहा, डोळ्यात गेली तर महागात पडेल.

मेमधलं एक काम आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. नाशिक जवळपास 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे 20 मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली गायब होते. जुलैच्या 23-24 लाही होते, पण तेव्हा आभाळ कुठलं मोकळं असायला! मेमध्ये सावली गायब होते तेव्हा घड्याळात मात्र 12 नाही, साडेबारा वाजलेले असतात. असं का, हे त्याला लगेच सांगू नका.