'देवाचं प्रतिरूप' आणि 'पापी' : दोन्ही एकदम कसं?

मिरजेच्या एका वाचकानं विचारलंय : मानवी हक्क दिनाच्या कार्यक्रमात पाळकसाहेब आधी म्हणाले, 'माणूस देवाचं प्रतिरूप आहे', आणि पाच मिनिटांत म्हणाले, 'माणूस पापी आहे'. मग प्रतिरूप म्हणजे नेमकं काय?

शब्द मराठी बायबलातला, 'उत्पत्ती' या त्यातल्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायातला. मूळ हिब्रू 'त्सेलेम'. गंमत म्हणजे हाच शब्द मूर्तीलाही लागतो! आपल्याकडं पोराला 'अगदी आज्याची छबी' म्हणतात ते नाकडोळ्यांवरून. इथं नाकडोळ्यांचा संबंध नाही. जुन्या इजिप्त-मेसोपोटेमियात 'देवाची प्रतिमा' हे राजाचं बिरुद असे, देवाच्या वतीनं राज्य करणारा या अर्थी. उत्पत्तीनं ते सरसकट माणसाला दिलं, नर आणि नारी दोघांनाही. (ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली छत्रपतींच्या साताऱ्यात 'देवाचा दरबार' भरवला, बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही खुला. दरबार राजाचा, पण दार सगळ्यांना उघडं, म्हणून नाव मला फार समर्पक वाटतं.)

आता पापी. पहिला माणूस आदाम यानं देवाची आज्ञा मोडली, त्या पतनानं प्रतिरूप पुसलं गेलं का? उत्पत्तीच्याच नवव्या अध्यायात, जलप्रलयानंतर, रक्तपात का करायचा नाही याचं कारण म्हणून तेच पुन्हा येतं. म्हणजे शिल्लक आहे. चौथ्या शतकातला बिशप अथनेशियस म्हणतो, फळीवरचं चित्र डागाळलं म्हणून फळी टाकत नाहीत. ज्याचं चित्र तोच पुन्हा समोर येतो आणि त्याच फळीवर ते नव्यानं रेखतात. सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिन पापाबाबत भलताच कडक, पण तोही सांगतो की समोरच्याची लायकी काढू नका, त्याच्यातलं प्रतिरूप बघा. पाळकसाहेबांच्या दोन वाक्यांचा सांधा इथं आहे. कोठडीतल्या दरोडेखोरालाही हात लावायचा नाही तो यामुळंच.

१९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'देवाचं प्रतिरूप' हे शब्द घालावेत असं ब्राझीलनं सुचवलं होतं. ते टिकलं नाही. 'प्रतिष्ठा' आणि 'सदसद्विवेकबुद्धी' तेवढी राहिली. बरंच झालं, नाहीतर देव न मानणाऱ्यांनी त्याच्या बाजूनं मत कसं दिलं असतं? आणि चर्चला तरी ही हक्कांची भाषा कुठं लगेच पचली? धर्मस्वातंत्र्य हा माणसाचा हक्क आहे, हे रोमन कॅथलिक चर्चनं अधिकृतपणे मान्य केलं १९६५ साली.

लिहिताना 'ति' ऱ्हस्व, 'रू' दीर्घ. प्रतिरूपाच्या जागी 'देवाचा अंश' मात्र लिहू नका. आपल्या कानाला ते सवयीचं आहे, पण अंश म्हटलं की माणूस देवातलाच भाग ठरतो. ख्रिस्ती शिकवणीत तो देवानं निर्माण केलेला, देवाहून वेगळा.