फँटसी रोलप्लेइंग कॅम्पेनसाठी (खेळाडू पात्रं बनून खेळतात त्या लांब चालणाऱ्या कथाखेळासाठी) पवित्र बेटावरचा आश्रम घेतोय. तो नुसती विश्रांतीची जागा वाटू नये म्हणून काय करावं?

राक्षस नंतर, आधी बेटाचे नियम ठरवा. जपानचं ओकिनोशिमा सरळ उचला. क्युशूच्या किनाऱ्यापासून साधारण ६० किलोमीटरवरचं हे बेटच देवतेचं स्थान मानतात. तिथे पुजारी एकटाच राहतो, दर १० दिवसांनी पाळी बदलते. बेटावर पाय ठेवण्याआधी विवस्त्र होऊन समुद्रस्नान करायचं, तिथली काडीसुद्धा न्यायची नाही आणि पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही. स्त्रियांना बंदी आहे. तुमच्या खेळात ती नसलेलीच बरी, उगाच अर्धी पार्टी (पात्रांची टोळी) किनाऱ्यावर बसून राहील.

आता लूटमारीला चटावलेले खेळाडू इथे सोडा! चौथ्या ते नवव्या शतकात अर्पण केलेल्या सुमारे ८०,००० वस्तू या बेटावर सापडल्या आहेत: कोरियन सोन्याची अंगठी, पर्शियन काचेचा तुकडा. म्हणजे खजिना उघड्यावर, पण हात लावायची सोय नाही. पुजाऱ्याची पाळी बदलायला आलेली होडी रिकामी निघाली, की झाली कथा सुरू.

लढाईसाठी ग्रीसचं पवित्र बेट डेलोस बघा. इसवी सनपूर्व ४२६ मध्ये अथेन्सवाल्यांनी तिथल्या कबरी हलवल्या आणि बेटावर जन्म-मृत्यूलाच मनाई केली. मरणाच्या दारातल्या माणसांना आणि बाळंत होणाऱ्या स्त्रियांना शेजारच्या रेनिया बेटावर नेत. तुमच्या कॅम्पेनमध्ये जखमी सोबत्याला वादळात होडीत घालून पलीकडे न्यायची वेळ आणा. फासे टाकताना हात थरथरतील.