तुमचे प्रश्न: घरी बघितलं की हसू का येत नाही?

प्रश्न: मामा नेहमी सांगतो की 'द नेकेड गन' हा इंग्रजी विनोदी पिक्चर बघताना हसून हसून त्याचं पोट दुखायला लागलेलं. म्हणून रविवारी घरी लावला, तर आई मटार सोलत होती, भाऊ मोबाईलवर, कोणी हसलंच नाही, अर्ध्या तासात बंद केला. लोकांनी हा पिक्चर एवढा डोक्यावर का घेतला?
(एक वाचक, परळ)

उत्तर: तुमच्या घरी झालं ना, अगदी तेच १९८२ मध्ये अमेरिकेत झालेलं. पिक्चरच्या आधी तो बनवणाऱ्या झकर बंधू आणि जिम अब्राहम्स या तिघांनी 'पोलीस स्क्वॉड' नावाची टीव्ही मालिका काढली होती, तोच फ्रँक ड्रेबिन नावाचा धांदरट पोलीस, त्याचं काम करणारा तोच नट लेस्ली निल्सन, जोकही त्याच जातीचे, आणि सहा भागांत ती गुंडाळली. चॅनेलच्या साहेबांनी कारण दिलं की ही मालिका कळायला ती नीट बघावी लागते! या कारणाची लोकांनी खूप टिंगल केली पण मला ते पटतं. मागे हसण्याचा रेकॉर्डेड आवाज नाही, म्हणजे कुठे हसायचं ते कोणी सांगत नाही, आणि गंमत असते कोपऱ्यात. भाग संपताना सगळे एकदम पुतळ्यासारखे थांबतात, पण चित्र खरं थांबवलेलं नसतं, नट नुसतेच श्वास रोखून उभे आणि कॉफी मात्र कपातून ओतत राहते, वाहत राहते. मटार सोलताना हे दिसणारच नाही.

१९८८ ला तेच डोकं मोठ्या पडद्यावर आलं आणि चाललं, इतकं की पुढे १९९१ आणि १९९४ ला अजून दोन भाग आले. थेटरात अंधार असतो, नजर दुसरीकडे जात नाही, आणि बाजूचा हसला की आपल्यालाही फुटतं. मी पहिल्यांदा दादरला मित्राच्या घरी व्हीसीआरवर बघितला, एका खोलीत दहा-बारा जण कोंबून बसलेलो, तो सीन आला ज्यात मेयरबाई भाषण करतायत आणि ड्रेबिन कॉलरचा माईक चालू ठेवून बाथरूमला जातो, आणि सगळा आवाज सभागृहात! तो सीन जेवढा लांबतो तेवढं हसू वाढतं, आमच्यातला एक जण तर खरंच पलंगावरून खाली पडला.

आणि निल्सनचा चेहरा बघा. हा माणूस कित्येक वर्षं गंभीर रोल करणारा नट, १९५६ च्या 'फॉरबिडन प्लॅनेट'मध्ये यानाचा कमांडर होता, आणि इथेही तो तसाच गंभीर. आपण विनोद करतोय हे ड्रेबिनला माहीतच नसतं, सगळी मजा तिथे आहे. तेव्हा मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, मामाला बोलवा, चार मित्र जमवा आणि अगदी टायटल्सपासून बघा, पोलीस गाडीच्या टपावरचा दिवा कुठे कुठे घुसतो ते चुकवू नका.

प्रश्न: माझे वडील हवालदार होते. पोलिसाला असं धडपडताना दाखवणं मला आवडत नाही. लोक का हसतात?
(एक वाचिका, नायगाव)

उत्तर: ताई, तुमचं वाईट वाटणं मी समजू शकतो, बारा-बारा तास बंदोबस्ताला उभं राहणारा माणूस घरी कसा येतो ते तुम्ही बघितलंय. पण अमेरिकन दिग्दर्शक मॅक सेनेटने १९१२ च्या सुमारास मूकपटात कीस्टोन कॉप्स ही धडपडणाऱ्या पोलिसांची टोळी आणली तेव्हापासून लोक हसतायत ते दंडुक्याला, ज्याला आपण एरवी वचकून असतो तोच पाय घसरून पडला की भीती जरा उतरते. त्यात माणसाबद्दल राग नसतो. आपल्याकडेही 'विच्छा माझी पुरी करा'मधल्या दादा कोंडक्यांच्या हवालदारावर लोकांनी जीव ओवाळून टाकला. वडिलांनी ते बघितलं असेल तर त्यांना एकदा विचारा, तो हवालदार त्यांना कसा वाटला होता.