डीएफडी, ईआर, यूएमएल, बीपीएमएन: वर्गीकरण कसं करायचं आणि यातलं श्रेष्ठ कोणतं?

संगणकप्रणाली बांधण्याआधी तिचा आराखडा मांडायच्या या आकृत्या; यात श्रेष्ठ कोणतंच नाही. आकृती कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते, त्यावरून वर्ग पाडा. साठवायचं काय? ईआर (एंटिटी-रिलेशनशिप, म्हणजे गोष्टी आणि त्यांची नाती; पीटर चेन, 1976). माहिती येते कुठून, जाते कुठे? डीएफडी (डेटा फ्लो डायग्राम). कामं कोण, कोणत्या क्रमाने करतो? बीपीएमएन (कामाचे टप्पे दाखवायची चिन्हपद्धती). एका नोंदीच्या अवस्था किती? स्टेट डायग्राम, ही यूएमएलमधली एक; यूएमएल म्हणजे एक आकृती नव्हे, अनेक आकृत्यांचा संच.

रावेरच्या केळी व्यापाऱ्याचा हिशोब घ्या. एका ट्रकात तीन शेतकऱ्यांचा माल, आणि एका शेतकऱ्याची कापणी दोन ट्रकांत. ईआर काढताना हे अनेक-अनेक नातं लगेच दिसतं. ते मोडायला मधे काटापावती घालावी लागते: वजन, दांड्याची घट, त्या दिवसाचा भाव. इथे हमखास होणारी चूक म्हणजे भाव फक्त भावाच्या तक्त्यात ठेवणं. उद्या भाव बदलला की मागची पट्टी (शेतकऱ्याला मिळणारं मालाचं बिल) नव्या भावाने छापली जाते आणि शेतकरी दारात उभा राहतो. भाव पावतीवरच गोठवा.

पण शेतकऱ्याला आधीच दिलेली आणि पट्टीतून कापायची रक्कम, म्हणजे उचल? पट्टी रद्द करून पुन्हा केली की उचल दोनदा कापली जाते. हे ईआरमध्ये कितीही शोधलं तरी सापडत नाही, कारण त्यात काळच नाही. कच्ची, पक्की, चुकती, रद्द अशा पट्टीच्या अवस्था मांडल्या की विचारावंच लागतं: ‘पक्की’वरून ‘रद्द’वर जाताना कापलेली उचल परत खात्यावर कोण टाकणार?

‘डीएफडी कालबाह्य, यूएमएलमध्ये सगळं आलं’ हे मला अजिबात मान्य नाही. 1997 साली ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने स्वीकारलेल्या यूएमएलमध्ये डीएफडी नाहीच. त्यातली ॲक्टिव्हिटी डायग्राम जवळची वाटते, पण ती क्रम दाखवते. डीएफडी तो मुद्दाम सोडते. म्हणूनच अडत्याला पाच मिनिटांत ती वाचता येते, आणि ‘हमालीचा आकडा आत जातो, बाहेर कुठेच निघत नाही’ हे तोच दाखवून देतो. डीएफडी आधी ढोबळ, मग तपशिलात अशा पातळ्यांत काढतात; वरच्या पातळीवरचे बाण खालच्या पातळीवर जसेच्या तसे जुळलेच पाहिजेत. बहुतेक डीएफडी इथेच फसतात. यूएमएलच्या क्लास डायग्रामलाही ईआरची जागा देऊ नका: ती साठवणीच्या तक्त्यांसाठी नव्हे, कोडमधल्या वर्गांसाठी आहे.

मात्र कोड ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीने लिहायचा असेल, तर क्लास आणि सिक्वेन्स (कोण कोणाला कोणत्या क्रमाने बोलावतं ते दाखवणारी) डायग्राम कामी येतात. दोन तक्त्यांच्या छोट्या कामाला यातलं काहीच नको. कागदावर पट्टीचा नमुना काढा आणि प्रत्येक आकडा कुठून येतो ते शेजारी लिहा.